दहा सेंटांचे खेळणे



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कंत्राटी कामगार किंवा बोनस यांपैकी एखादा ठरलेला विषय आम्ही देऊ, अशी त्यांची अटकळ असावी. ‘मुलांच्या जेवणाबरोबर मिळणारे फुकट खेळणे व त्यावरील निर्बंध’ असा विषय आम्ही कळविला, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन करून आपण बरोबर ऐकले ना, याची खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. ज्याची हयात कारखान्यांच्या दरवाज्यांवर सभा घेण्यात गेली, त्याने पोरासोरांच्या खेळण्यात का पडावे, असे कोणालाही वाटेल.

कारण सांगतो. आहारशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. काय खाल्ले म्हणजे मूल लठ्ठ होते हे सांगावयास या गावात चांगले डॉक्टर आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते करारपत्रे वाचून झाले. मालकाने पुढे केलेल्या कागदात ‘व’ आहे की ‘किंवा’ आहे, ‘देईल’ आहे की ‘देऊ शकेल’ आहे, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. या कामात एक शब्द असा आहे, की तो दिसला म्हणजे आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचतो. तो शब्द ‘फुकट’. अमेरिकेतील एका मोठ्या शहराने या शब्दावर कायदा केला, आणि याच शब्दाने त्या कायद्याला दगा दिला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

मॅकडोनाल्ड कंपनीने अमेरिकेत ‘हॅपी मील’, म्हणजे आनंदाचे जेवण, १९७९ साली देशभर सुरू केले. एक रंगीत खोका. त्यात बर्गर, तळलेले बटाटे, पेय आणि एक खेळणे. खोका मुलाच्या हातात मावेल एवढा. कल्पना साधी आणि, मान्य केले पाहिजे, अत्यंत हुशारीची. आईबापांना जेवण दिसते, मुलाला खेळणे दिसते, आणि दोघांना एकच पावती मिळते. पुढे इतर कंपन्यांनीही तेच केले. चित्रपट आला की त्यातील पात्रांची खेळणी, आणि तीही संचातली. आज एक मिळाले, उरलेली मिळवावयाची तर पुन्हा या.

हे किती चालते त्याचा एक दाखला देतो. १९९७ च्या एप्रिलमध्ये या कंपनीने खोक्यात चिमुकली कापडी जनावरे घातली. एरव्ही आठवड्याला सुमारे १ कोटी खोकी खपत. त्या वेळी दहा दिवसांत सुमारे १० कोटी खपली. अमेरिकेतील मुलांची भूक दहा दिवसांत एवढी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. खेळणे काढून घेऊन जेवण टाकून देणारी मोठी माणसेही त्या रांगांत होती. तेव्हा त्या खोक्यात माल कोणता आणि वेष्टन कोणते, याचा निकाल गिऱ्हाइकांनीच लावून टाकला.

दुसरा आकडा सरकारी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ साली एक अहवाल काढला. त्यात २००६ सालचा हिशेब आहे. त्या एका वर्षात बारा वर्षांखालील मुलांसाठी खेळण्यासह विकलेली जेवणे १२० कोटींवर गेली आणि कंपन्यांनी त्या खेळण्यांवर सुमारे ३६ कोटी डॉलर खर्च केले. आम्ही भागाकार केला. एका खेळण्याला ३० सेंटांच्या आसपास पडतात. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे लागणार आहे.

आता कायद्याकडे येऊ. पहिला प्रयत्न कॅलिफोर्नियातील सांता क्लारा जिल्ह्याचा. तेथील जिल्हा मंडळाचे सभासद केन येगर यांनी २०१० च्या एप्रिलमध्ये ठराव आणला आणि तो ३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. जेवणात ४८५ पेक्षा जास्त उष्मांक किंवा ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असेल, स्निग्धांश व वरून घातलेली साखर यांचे प्रमाण ठरीव मर्यादेपलीकडे असेल, तर त्याबरोबर खेळणे देता येणार नाही, असा तो नियम. मंडळाची सत्ता शहरांच्या हद्दीबाहेरच्या भागापुरती. तिथे अशी खाद्यगृहे डझनभरच. म्हणून लोकांनी थट्टा केली. पण एखादी मागणी प्रथम लहान कारखान्यात पदरात पाडून घ्यावी आणि मग मोठ्याकडे जावे, ही रीत आम्हांला परिचयाची आहे.

मोठे शहर शेजारीच होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळात एरिक मार या सभासदाने त्याच वर्षी विधेयक आणले. मर्यादा ६०० उष्मांक आणि ६४० मिलिग्रॅम सोडियम; शिवाय जेवणात अर्धा कप फळे व पाऊण कप भाजी असली पाहिजे. तरच खेळणे. महापौर गॅविन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. मुलांनी काय खावे हे आईबापांनी ठरवावे, पुढाऱ्यांनी नव्हे, ही त्यांची भूमिका. २३ नोव्हेंबर २०१० रोजी नगरमंडळाने ८ विरुद्ध ३ मतांनी त्यांचा नकार मोडून काढला आणि कायदा १ डिसेंबर २०११ पासून अमलात येईल असे ठरले. (याच न्यूसम यांनी पुढे राज्यपाल असताना, २०२३ साली, असल्या खाद्यगृहांतील कामगारांना तासाला २० डॉलर किमान वेतन देणाऱ्या कायद्यावर सही केली. माणसाच्या एका सहीवरून त्याची सगळी वही वाचू नये.)

कंपनीला तयारीस एक वर्ष मिळाले. त्या वर्षात तिच्या वकिलांनी कायदा वाचला; आम्ही वाचतो तसाच, चष्मा पुसून. कायद्याचा सारा भर होता जेवणाबरोबर खेळणे ‘फुकट’ देण्यावर. मग कंपनीने काय केले? खेळण्याला किंमत लावली. दहा सेंट. त्या वेळच्या दराने आपले पाचएक रुपये. आईबापांनी जेवण घ्यावे आणि हवे तर वर दहा सेंट टाकून खेळणे घ्यावे. हे दहा सेंट कंपनीच्या नावाने चालणाऱ्या धर्मादाय संस्थेला, आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी, जातील असेही जाहीर झाले. आणि नुसते खेळणे पाहिजे असेल तर? तसे मिळणार नाही. आधी जेवण घेतले पाहिजे.

आता मघाचा भागाकार आठवावा. सरासरी ३० सेंटांची वस्तू १० सेंटांना. हिला विक्री म्हणावयाची काय? आमच्या मते ती दहा सेंटांची पावती होती, आणि ती खेळण्याची नव्हती, कायद्यातून बाहेर पडण्याची होती. त्यातही दानधर्म! म्हणजे जी आई पूर्वी नुसतेच ‘नको’ म्हणू शकत होती, तिला आता ‘आजारी मुलांसाठीही नको’ असे म्हणावे लागणार.

आम्हांला याचे आश्चर्य वाटले नाही. एका कारखान्यात (नाव सांगत नाही, तो अजून चालू आहे) दिवाळीला प्रत्येक कामगारास मिठाईचा डबा आणि एक भांडे ‘भेट’ मिळत असे. बायकामंडळी खूश. तीन वर्षांनी वेतनकराराच्या बैठकीत व्यवस्थापकांनी एक तक्ता पुढे ठेवला. त्यात कामगारावर होणाऱ्या वार्षिक खर्चात डबा होता, भांडे होते, डब्यावरची रिबीनही असावी. मागितलेल्या वाढीतून ती रक्कम वजा करून दाखविली होती. आमचे एक जुने साथी उठून म्हणाले, “साहेब, भांडं फुकट होतं ना? मग ते हिशेबात कसं आलं?” साहेब हसले. उत्तर द्यावयाचे नसले की ते हसत. तेव्हापासून आमच्या मागणीपत्रात आम्ही एक ओळ घालतो: भेट ही वेतनात धरली जाणार नाही. एका ओळीने तंटा मिटला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कायद्यातही अशी एका ओळीचीच उणीव होती. गुन्हा खेळणे फुकट असण्यात नव्हता. गुन्हा गाठ मारण्यात होता. मुलाला जे पाहिजे ते, मुलाला जे खाऊ घालावयाचे आहे त्याला बांधून टाकण्यात. फुकट द्या, दहा सेंटांना द्या की दहा डॉलरला द्या, गाठ तीच राहते. ही गाठ कायद्याला नवी नाही. आपल्याकडे १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता. त्याने वेतन चलनी नाण्यात किंवा नोटांत द्यावे, असे बजावले. का? मालकाने पगाराऐवजी धान्य, कापड, दुकानाची चिठ्ठी देऊ नये म्हणून. नुसते धान्य वाईट नव्हते. मजुरीला ते बांधले गेले की मजुराचा निवडीचा हक्क जातो, हे वाईट होते.

एवढ्यावरून तो कायदा अगदीच वाया गेला, असे मात्र समजू नये. त्या कायद्याची अंमलबजावणी तोंडावर असताना, २०११ च्या जुलैमध्ये, कंपनीने देशभर मुलांच्या खोक्यातले तळलेले बटाटे निम्म्याहून कमी करण्याचे आणि प्रत्येक खोक्यात सफरचंदाच्या फोडी घालण्याचे जाहीर केले. कायद्यामुळे केले असे कंपनी म्हणणार नाही. संप मिटल्यावर संपामुळे पगार वाढविला असे कोणता मालक म्हणतो? उलट बाजूनेही हालचाल झाली. २०११ सालीच ॲरिझोना राज्याने, आपल्या गावांनी व जिल्ह्यांनी असे खेळणेबंदीचे नियम करूच नयेत, असा कायदा केला. स्वातंत्र्याच्या नावाने गावाचे स्वातंत्र्य काढून घेतले, ते असे.

विरोधकांचे मुख्य म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण या सभागृहातही ते अनेकांचे असेल. आईबाप ‘नाही’ का म्हणत नाहीत? २०१० च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील एका आईने कंपनीवर खटला भरला, की खेळण्याच्या आमिषाने तुम्ही माझ्या मुलांना नादी लावता. लोक तिला हसले. स्वतःच्या पोरीला आवरता येत नाही आणि कोर्टात जाते! २०१२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने तो दावा काढून टाकला.

आम्ही हसलो नाही. आमच्या युनियनमध्ये पॅकिंग खात्यातली एक बाई आहे. दोन मुले, नवरा रिक्षावर. पगाराच्या दिवशी मुलाला घेऊन ती दुकानात जाते. खेळणे असलेल्या खाऊचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, मी नाही म्हणते. दर खेपेला म्हणते. पण ती वस्तू माझ्या उंचीला नाही हो ठेवत, त्याच्या उंचीला ठेवतात. मला दिसायच्या आत त्याच्या हातात असते.” आमच्या ऐकण्यातले या विषयावरचे सर्वांत नेमके विधान हेच. कंपनी आईशी बोलत नाही. आईला वळसा घालून ती मुलाशी बोलते, आणि मग मुलाला आईशी भांडावयास पाठविते. या भांडणात मुलाचा पगार शून्य, खर्च शून्य, आणि वेळ भरपूर. आठ तास उभे राहून आलेली बाई या कामगारापुढे किती वेळ टिकेल? टिकते ती, पण रोज का टिकावे? ‘आईबापांची जबाबदारी’ हे शब्द जे उच्चारतात त्यांनी एवढे तरी करावे, की आईबाप आणि मूल यांच्यामध्ये तिसऱ्याने बोलू नये.

जबाबदारीचा हा युक्तिवाद जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत लहान मुले कामाला जात तेव्हा त्यांना आईबापच आणून सोडीत; चार आणे घरात येत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची बंदी केली, आणि १८९१ च्या कायद्याने ती मर्यादा नऊ वर्षांवर नेली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, ते या दोन कायद्यांच्या मधल्या काळात. त्या काळी कोणी आईबापांना विचारून कायदा केला असता, तर गरजेपोटी पुष्कळांनी ‘असू द्या’ असेच म्हटले असते. खेळणे आणि गिरणी यांची तुलना आम्ही करीत नाही. तसे करणे गिरणीत हात गमावलेल्या पोरांचा अपमान होईल. सांगावयाचे एवढेच, की आईबापांच्या संमतीआड लपण्याची सोय कायद्याने तेव्हाही ठेवली नव्हती.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने हीच गोष्ट अधिक चांगली केली. ग्विदो हिरार्दी हे तेथील सिनेटर, धंद्याने डॉक्टर. त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेला अन्नकायदा २०१२ साली मंजूर झाला आणि जून २०१६ मध्ये अमलात आला. साखर, मीठ, उष्मांक किंवा घट्ट स्निग्धांश मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का. आणि शिक्का असलेल्या पदार्थाबरोबर मुलांसाठी खेळणे वगैरे आमिष नाही. फुकट नाही आणि दहा सेंटांनाही नाही. तेथील स्पॅनिशमध्ये अशा आमिषाला ‘व्यापारी आकडा’ म्हणतात. आकडा म्हणजे अडकविण्याचा. शब्द नेमका निवडला की निम्मे काम होते. या कायद्याने चॉकलेटच्या अंड्यात खेळणे घालून विकण्याचा प्रकारही तेथे बंद झाला. पुढे २०१८ व २०१९ साली मर्यादा आणखी कडक केल्या.

आता एक बाजू, जी डॉक्टर सांगणार नाहीत. ती आम्हीच सांगितली पाहिजे. ही खेळणी कोण करतो? ती स्वस्त पाहिजेत, लाखांनी पाहिजेत आणि चित्रपटाच्या तारखेला पाहिजेत. या तीन गोष्टी एकत्र आल्या की कारखान्यात काय होते, हे आम्हांला सांगावे लागत नाही. १९९७ साली व्हिएतनामच्या दानांग शहरात, जेवणाबरोबर वाटावयाची खेळणी करणाऱ्या कारखान्यात ॲसिटोनच्या वाफेने सुमारे दोनशे कामगार आजारी पडल्याची बातमी जगभर आली. त्यापूर्वी, १० मे १९९३ रोजी, बँकॉकजवळच्या केडर खेळणी कारखान्याला आग लागून १८८ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधील शेन्झेन येथे जिली खेळणी कारखान्यात आगीत ८७ गेले. तेथेही खिडक्यांना गज होते. या दोन आगींतली खेळणी जेवणाच्या खोक्यांसाठी होती असे नव्हे. ती दुकानांत पैसे मोजून विकली जाणारी होती. पण ज्या खेळण्याला गिऱ्हाईक पैसे मोजते त्याच्या कारखान्याची ही दशा, तर जे फुकट म्हणून वाटले जाते त्याच्या कारखान्यात पंखा बसवावयास पैसे कोठून निघणार? ३० सेंटांत साचा, रंग, जहाजभाडे, नफा आणि चित्रपटवाल्यांचा वाटा धरल्यावर कामगाराच्या वाट्याचे सेंट मोजावयास एक बोट पुष्कळ.

हे सारे परदेशचे झाले. आपल्याकडे मॅकडोनाल्डचे पहिले खाद्यगृह १९९६ साली दिल्लीत निघाले आणि मुंबईत लगेच. पण जेवणाचा खोका ही अजून शहरी चैन आहे. आपल्या मुलांना आकडा लागतो तो पाकिटातून. १९९० नंतर वेफर्सच्या पाकिटांत ‘टाझो’ नावाच्या चकत्या आल्या, तेव्हा या गावातील पोरांनी वेफर्स कावळ्यांना घातल्याचे येथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. काहींनी स्वतःच घातले असतील. आज किंडर जॉय नावाचे प्लॅस्टिकचे अंडे आहे. अर्ध्यात गोड मलई, अर्ध्यात खेळणे. ते तयार होते आपल्या बारामतीला, एका इटालियन कंपनीच्या कारखान्यात. खाण्याच्या वस्तूच्या पोटात खेळणे घालण्यास अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने बंदी आहे, कारण ते घशात अडकते. म्हणून खेळणे पोटात असलेले जुने अंडे तेथे विकता येत नाही. हे दोन भागांचे अंडे मात्र २०१७ च्या अखेरीस तेथल्या बाजारात आले. भिंत घातली की आत नाही, शेजारी आहे. पुन्हा शब्दच!

बारामतीचे नाव घेतले की आमचेच साथी विचारतील: तेथे पोरीबाळी कामाला आहेत, त्यांच्या पोटावर पाय देता काय? प्रश्न योग्य आहे, आणि आम्ही तो झटकून टाकणार नाही. मालकांनी आजवर प्रत्येक सुधारणेला ‘रोजगार जाईल’ असेच म्हटले. म्हणून ते दर वेळी खोटेच असते असे नाही. पण चिलीने चॉकलेट बंद केले नाही. गाठ सोडविली. खाऊ खाऊच्या किमतीला विका, खेळणे खेळण्याच्या किमतीला विका. दोन्ही करावयास माणसे लागतातच. आणि बदलाच्या काळात एकही कामगार कमी होणार नाही, ही अट कायद्याबरोबरच मागून घेतली पाहिजे. नंतर मागितली तर मिळत नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही, असे नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. व्यवहाराच्या एकूण रकमेत जिची किंमत पूर्ण वा अंशतः वसूल होते, ती वस्तू फुकट देत असल्याचा भास निर्माण करणे, हे त्यात स्पष्ट धरले आहे. ज्याने ही ओळ लिहिली त्याला आमचा नमस्कार. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी जादा स्निग्धांश, मीठ व साखरेच्या पदार्थांची विक्री शाळेत आणि शाळेच्या दरवाज्यापासून ५० मीटरच्या आत मना केली आहे. येथील शाळांच्या दरवाज्यांपासून ५० मीटर कोणी मोजले असतील तर आम्हांला भेटावे. आणि २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मुलांनी विनाकारण वस्तू घ्यावी म्हणून भेटवस्तूचे आमिष दाखविणारी जाहिरात ‘निरुत्साहित केली जावी’, असे त्यांत म्हटले आहे. मनाई नव्हे, निरुत्साह. कारखान्याच्या करारात ‘व्यवस्थापन पगारकपात निरुत्साहित करील’ असे वाक्य आले, तर आपण सही कराल काय? शिवाय हा निरुत्साह जाहिरातीपुरता आहे. फळीवर मुलाच्या उंचीला ठेवलेली वस्तू जाहिरात करीत नाही, नुसती बसून राहते.

म्हणून आम्ही एका ओळीचा मसुदा करून आणला आहे. तो वाचतो आणि थांबतो. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले आहे. ‘ठरीव मर्यादेपेक्षा अधिक साखर, मीठ वा स्निग्धांश असलेल्या कोणत्याही खाद्यपदार्थाच्या खरेदीच्या अटीवर खेळणे, चित्र, तिकीट वा मुलांना आकर्षित करणारी अन्य वस्तू, फुकट, सवलतीत अथवा स्वतंत्र किमतीने, त्याच वेष्टनात वा वेगळी, कोणासही देता अगर विकता येणार नाही.’ श्रोत्यांत वकीलमंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी याच्या प्रती दाराशी ठेवलेल्या टेबलावरून घ्याव्यात, आणि कंपनीने फी दिली असती तर यातून कोठून बाहेर पडलो असतो, ते आम्हांला लिहून कळवावे. ग्राहक संघटनेच्या मंडळींबरोबर आम्ही या रविवारी युनियनच्या कचेरीत बसणार आहोत. तोवर जेवढ्या फटी समजतील तेवढ्या बुजवून घेऊ.